खाडी ओलांडण्याची परवानगी

आमच्या गावात दोन माणसं भांडली की तिसरा माणूस दौत आणि टाक शोधायला लागतो. हे मी गमतीनं सांगत नाही, वैतागून सांगतो. वाडीच्या दगडी गडग्यापलीकडे नारळ पडला, अर्ज. कुणाची म्हैस कुणाच्या वालात शिरली, अर्ज. एकदा अर्ज कचेरीकडे गेला की दोन्ही पक्ष घरी जाऊन पोटभर जेवतात, भांडण आता सरकारचं झालं म्हणून. सरकार लांब असतं, त्याला ती म्हैस माहीत नसते आणि वालही माहीत नसतो, पण निकाल त्यानंच द्यायचा याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. या एका सवयीपायी आमच्या खाडीवरची होडी गेली आणि तिच्याबरोबर एका माणसाचं घर अर्धं रिकामं झालं. ती हकीकत सांगताना माझा आवाज चढेल, त्याला माझा इलाज नाही.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. वडील गेल्यावर सुपारीचा व्यापार माझ्या अंगावर पडला होता. आसपासच्या वाड्यांतली सुपारी घ्यायची, वाळवून सोलून पोत्यांत भरायची, खाडीपलीकडे न्यायची, तिथून बैलगाडीनं रेवसला आणि रेवसहून बोटीनं मुंबईला. माझे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, बरीच वर्षं तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. पुढे दम्यानं बेजार झाले म्हणून गावी परतले आणि आमच्याच ओटीवर बसून तेच काम करू लागले. माणूस सज्जन, अक्षर सुरेख, कुणाकडून एक पान-सुपारी जास्त घेणार नाहीत. त्यांची एकच पक्की समजूत होती. जगात जे काही बिघडतं ते वरपर्यंत कळलेलं नसतं म्हणून बिघडतं, वर कळवलं की ते सुधारणारच. आम्हा भावांचं एकमेकांवर प्रेम होतं आणि या एका बाबतीत आमचं जन्मभर पटलं नाही.

खाडी काही फार रुंद नव्हती. समोरच्या काठावर माणूस उभा आहे हे दिसे, कोण आहे ते कळत नसे. अलीकडच्या काठावरून एक कोळी होडी चालवायचा, पलीकडच्या काठावरून एक मुसलमान. दोघांच्याही घरात हे काम बापजाद्यांपासूनचं. अशा माणसाला आमच्याकडे तरवाला म्हणतात. रीत अशी होती, की ज्या काठाचं माणूस त्या काठाची होडी. आमचा माणूस आमच्या होडीनं जाई आणि तिनंच परत येई. भाडं कुणी देत नसे. भाताची झोडणी झाली की दोघं तरवाले आपापल्या काठावर खळ्याखळ्यांतून फिरत आणि घरोघर त्यांच्या पाटीत सुपानं भात घातलं जाई. ज्याच्या घरात खाडी ओलांडणारी माणसं जास्त तो जास्त घाली, एकट्यादुकट्या म्हातारीच्या खळ्यावर तरवाला पाटी खाली ठेवतच नसे. वर्षाचं भात असं एकदा घरात आल्यामुळे एक माणूस नेला काय आणि दहा नेले काय, त्याला सारखंच. उलट काठावर कुणी हाका मारत राहिलं तर त्याच्याच डोक्याला ताप, म्हणून तो हातातलं काम टाकून येई. ही व्यवस्था कुणी बसवली मला ठाऊक नाही. ती बिनबोभाट चालली होती.

आमचा तरवाला तेव्हा पन्नाशीत होता. सगळं गाव त्याला नाखवा म्हणे. फटकळ माणूस, होडीत कुणी उगाच उभं राहिलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करील, पण पाण्यात कुणाची चप्पल पडली तरी होडी वळवून काढून देईल. त्याचा थोरला मुलगा मुंबईला गोदीत गेला आणि तिकडेच बिऱ्हाड करून राहिला. पुढे पुढे तो शिमग्यालाही येईनासा झाला. धाकटा बापाबरोबर वल्ही मारायचा. चांगला खांद्यानं भरलेला, अबोल तरुण. नाखव्याचा जीव त्याच्यात अडकलेला होता. एक पोरगा मुंबईनं घेतला, दुसरा द्यायचा न्हाय, असं तो भेटेल त्याला सांगे. होडी हातात आहे तोवर हा मुलगा घरात आहे, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

भांडण झालं ते एका घरजावयावरून. काठाच्या या रिवाजात लग्नाचाही बंदोबस्त होता. नव्या जोडप्याला ज्या काठावर नांदायचं, त्या काठाच्या तरवाल्यानं त्यांना न्यायचं, आणि नारळ व शेला असा मान त्याला मिळायचा. पण आमच्या गावातल्या एका घरी मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी पलीकडच्या गावचा मुलगा घरजावई करून घेतला. लग्न आमच्याकडे लागलं. दुसऱ्या दिवशी जोडप्याला खाडी ओलांडून मुलाच्या कुलदेवाच्या पाया पडायला जायचं होतं. आता हा मुलगा कुणाचा? पलीकडचा तरवाला म्हणाला, देव आमच्या काठाचा, मुलगाही आमच्याच काठाचा, देवाला जातोय तर आमच्या होडीनं जाईल. नाखवा म्हणाला, काल रात्रीपासून तो आमच्या काठाचा भात खातोय. आजवर कुणी खाडीपार घरजावई झाला नव्हता, त्यामुळे रिवाजालाही उत्तर माहीत नव्हतं. दोन्ही होड्या धक्क्याला लागलेल्या, नवरानवरी मुंडावळ्या बांधून उन्हात उभी, आणि दोघं तरवाले एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोचलेले. शेवटी नवरा त्यांच्या होडीत बसला आणि नवरी आमच्या होडीत. दोन्ही होड्या एकमेकींच्या बाजूनं चालल्या होत्या आणि काठावर हसून हसून आमची मुरकुंडी वळली होती.

या भांडणाचं पुढे काय झालं असतं ते मी छातीवर हात ठेवून सांगतो. महिना-दोन महिने दोघं एकमेकांकडे पाठ फिरवून वल्ही मारत राहिले असते. मग कुणीतरी दोघांना एका ओटीवर बसवून पान दिलं असतं, पुढच्या घरजावयाचा नारळ अर्धा अर्धा फोडायचं ठरलं असतं, आणि रिवाजात एक भर पडली असती. आमच्या सगळ्या रीती अशाच भांडणांतून झालेल्या आहेत. पण दादा म्हणाले, असा प्रसंग पुन्हा यायला नको, कायमचा निकाल लावून घेऊ. नाखव्याला वाटलं निकाल आपल्या बाजूनं लागणार. पलीकडच्यालाही तेच वाटलं. दोघांनीही अर्जावर अंगठे उठवले. खाडीवर होडी चालवण्याचा हक्क नक्की कुणाचा याबद्दल संशय उत्पन्न झाला असून मायबाप सरकारनं तो दूर करावा, असं दादांनी लिहिलं. मी म्हणालो, दादा, संशय तुम्हीच उत्पन्न करताय. ते हसले आणि अर्जाची घडी घालू लागले.

सरकारनं संशय दूर केला. एक अंमलदार आले, त्यांनी दोन्ही काठांवर दोरी धरून मापं घेतली, नाखव्याच्या बायकोनं दिलेलं शहाळं प्यायले आणि गेले. पावसाळा संपल्यावर नोटीस लागली. ही खाडी ओलांडण्याचा हक्क ना या तरवाल्याचा ना त्या तरवाल्याचा, तो लोकल बोर्डाचा आहे. बोर्ड दरसाल त्याचा लिलाव करील. ज्याला मक्ता मिळेल त्यानंच उतारू न्यायचे, दुसऱ्या कुणी भाडं घेऊन माणसं नेली तर तो गुन्हा. खाडीत खालीवर कुठंही, पार लांबपर्यंत.

लिलावाला आम्ही सगळे गेलो होतो. कचेरीच्या व्हरांड्यात नाखवा आणि पलीकडचा तरवाला शेजारी शेजारी उकिडवे बसले होते, अजून अबोला होता. शिरस्तेदारांनी बोली पुकारली. दादांनी नाखव्याला ढोसलं, बोल. मीही म्हणालो, पैशाची सोय मी करतो, पण बोल. नाखवा उठून उभा राहिला.

"होडी माझी, हात माझं, नि खाडी देवाची," तो म्हणाला. "मंग बोली लावायची कशावर?"

शिरस्तेदार चांगले होते, रागावले नाहीत. ते म्हणाले, बोलायचं नसेल तर खाली बस. तो खाली बसला. पलीकडचा तरवालाही बोलला नाही. मक्ता गेला लांबच्या एका व्यापाऱ्याकडे. त्याचे असे आणखी चार-दोन मक्ते होते, आणि आमची खाडी त्यानं त्या दिवसापर्यंत पाहिलेली नव्हती. परत येताना पलीकडचा तरवाला आपल्या घरी न थांबता आमच्याबरोबर होडीत बसला. एक वल्हं त्यानं घेतलं, एक नाखव्यानं. त्या दिवशी तो नाखव्याच्या घरी जेवला. भांडण मिटलं होतं, पण आता भांडायलाही काही उरलं नव्हतं.

मक्तेदार वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्यानं बोर्डाला भरलेला पैसा त्याला भाड्यातून काढायचा होता, बस. त्यानं काठावर एक कारकून बसवला आणि दोन परगावचे खलाशी ठेवले. बोर्डानं दराची पाटी लावली. माणूस, घोडा, बैल, शेळी, पालखी, सगळ्यांचे दर तीत होते. पालखी आमच्याकडे देवाची तेवढी होती आणि ती खाडी ओलांडत नसे. मासळीच्या पाटीचा दर मात्र लिहायचा राहिला होता. कारकुनानं विचार करून कोळणींच्या पाट्यांना शेळीचा दर लावला. एक कोळीण त्याला रोज विचारायची, माझी शेळी आज कोणता पाला खाणार? तो बिचारा मान खाली घालून पैसे घेई.

खरा त्रास पुढेच होता. भाड्यावर चालणारी होडी भरल्याशिवाय हलत नाही. एका माणसासाठी खाडी ओलांडणं मक्तेदाराला परवडत नव्हतं, आणि परवडावं तरी का? पूर्वी हाकेला होडी येई, आता लोक काठावर बसून माणसं जमायची वाट बघू लागले. माझी पोती धक्क्यावर पडून राहत आणि रेवसची बोट निघून जाई. एकदा वाटेत पाऊस लागून सगळी सुपारी डागाळली. त्या दिवशी मी घरी येऊन पानावर बसलो आणि तसाच उठलो, इतका संताप झाला होता.

दादांनी लगेच तक्रार लिहिली. बोर्डानं ऐकलं, सरकार ऐकत नाही असं कुणी म्हणू नये. हुकूम आला की होडी ठरलेल्या वेळीच सुटली पाहिजे, भरलेली असो वा रिकामी. वेळा पाटीवर रंगवल्या गेल्या. आता भरती-ओहोटी रोज पुढे सरकते हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतं. पाटी सरकत नव्हती. त्यामुळे आठवड्यातले काही दिवस होडी अगदी वेळेवर सुटे आणि चार वल्ही मारून चिखलात बसे. कारकून म्हणे, हुकूम सुटण्याचा आहे, पोचण्याचा नाही. भरलेली होडी चिखलात, वर ऊन, बायका पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या, आणि काठावर नाखवा हाताची घडी घालून उभा. त्याच्या तोंडाचा तो पट्टा बंद झालेला पाहून मला जास्त वाईट वाटे.

दादा म्हणत, मक्तेदार लबाड आहे, त्याच्यावर आणखी नियम हवेत. मी म्हणे, पहिला नियम काढा, बाकीच्यांची गरजच पडणार नाही. या वादात आमच्या कित्येक दुपारी गेल्या. मी काही शिकलेला माणूस नाही, पण व्यापार करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. दोन माणसं आपापसात जे ठरवतात ते मोडलं तर दोघांनाही लागतं, म्हणून ती ते सांभाळतात. तिसरा लांबून ठरवतो तेव्हा त्याला काही लागत नाही. ओहोटीला होडी रुतली तर बोर्डातल्या कुणाचे पाय चिखलानं भरत होते? चोर धरा, दरोडेखोर धरा, खोटं माप वापरणाऱ्याला शिक्षा करा, मी सरकारला सलाम करीन. पण नाखव्यानं मला खाडीपलीकडे न्यावं आणि मी त्याला सूपभर भात द्यावं, यात सरकारचं काय काम? हे मी तेव्हा विचारत होतो आणि अजूनही विचारतो. दादा उत्तर देत, तुला मुंबईच्या व्यापाऱ्यांची हवा लागली आहे.

नाखवा घरी बसला नव्हता. ओळखीच्या माणसाला, अडलेल्याला, तो आपल्या होडीतून नेई. भाडं घेत नसे. कारकून कानाडोळा करी. पण भाताची झोडणी आली आणि नाखवा नेहमीसारखा खळ्यांवर गेला. लोकांनी नेहमीसारखं भात घातलं. मक्तेदार नेमका त्या दिवसांत हिशेबाला आला होता, त्याच्या नजरेला हे पडलं आणि त्यानं फिर्याद केली. मी नाखव्याला परोपरीनं शिकवलं होतं, सांग की भात देवाच्या नावानं मिळतं, भीक म्हणून मिळतं, काहीही सांग. मामलेदारांनी विचारलं, हे भात होडीबद्दल घेतोस का? तो ताठ उभा राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "मी काय भिकारी हाय?"

दंड झाला आणि सक्त ताकीद मिळाली. धाकटा मुलगा त्या रात्री जेवला नाही, आणि मुंबईला भावाकडे जातो म्हणाला. नाखव्याची बायको सकाळी माझ्या दारात येऊन बसली.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. ती माझी होती आणि मला तिचा अजून अभिमान आहे. दुसऱ्याला नेणं गुन्हा असेल, पण स्वतःच्या होडीतून स्वतः जाणं कसला गुन्हा? नाखव्याची होडी जुनी झालीच होती. आम्ही ती उलटी केली आणि घराघरानं तिच्यात काही ना काही घातलं. कुणी फळी दिली, कुणी खिळे, कुणी काथ्या, कुणी डांबर, आणि ज्याच्याकडे काही नव्हतं त्यानं दिवसभर रंधा मारला. पलीकडच्या गावानं डोलकाठी दिली. होडी दोन्ही गावांची झाली. नाखवा, त्याचा मुलगा आणि पलीकडचा तरवाला हे होडी सांभाळणारे गडी, आणि त्यांना भात द्यायचं ते होडी राखण्याबद्दल. मार्गशीर्षात होडी पाण्यात उतरली. पहिल्याच फेरीला कारकून धावत आला आणि ही होडी कुणाची म्हणून दरडावून विचारू लागला. पुढे बसलेली कोळीण म्हणाली, माझी. तिच्या शेजारचा म्हातारा म्हणाला, माझी. मग सगळ्या होडीनं एकामागून एक तेच सांगितलं, मांडीवरच्या पोरासकट. कारकुनालाही हसू आलं आणि तो आपल्या पाटीखाली जाऊन बसला.

मार्गशीर्ष ते होळी, एवढे महिने आमची खाडी पुन्हा आमची होती. होडी हाकेला येई, भरतीला बघून सुटे. माझी सुपारी एकदाही अडली नाही. धाकट्यानं मुंबईचं नाव टाकलं. नाखवा परत शिव्या द्यायला लागला आणि लोक त्या आनंदानं खात. मक्तेदार वकिलाकडे जाऊन आल्याचं ऐकलं, पण त्यानं काही केलं नाही, कारण करण्यासारखं त्याला काही सापडलं नसावं.

आणि मग दादा एका संध्याकाळी म्हणाले, सगळं ठीक आहे, फक्त एक कागद हवा.

कसला कागद, मी विचारलं. ते म्हणाले, परवानगीचा. आज आपण होडी चालवतोय, पण आपल्याकडे दाखवायला काय आहे? मी म्हणालो, दाखवायचं कुणाला? कुणी मागतच नाही. ते म्हणाले, उद्या मागेल. मी परत परत सांगितलं, जे करायला मनाई नाही त्याला परवानगी लागत नाही, आणि विचारायला गेलात तर 'नाही' असंच उत्तर येणार. देवळात बैठक बसली. मला वाटत होतं गाव माझ्या बाजूनं उभं राहील. सगळे एकमुखानं म्हणाले, कागद हवा. शिक्का असला म्हणजे बरं. ज्यांनी स्वतःच्या हातानं होडीला फळ्या ठोकल्या होत्या तेच म्हणत होते, की शिक्क्याशिवाय त्यांना होडीत धाकधूक वाटते. मी नाखव्याकडे पाहिलं. तो निदान नको म्हणेल अशी माझी आशा होती.

तो हळू आवाजात म्हणाला, "शेट, पोरासाठी दोन ठिकाणी पोरगी इचारून आलो. दोगंबी इचारतात, होडीचा कागद हाय का. कागद आला तर पोरगा हितंच संसार मांडंल."

मी डोक्याला हात लावून बसलो. दादांनी फार सुंदर अर्ज लिहिला. दोन्ही गावांची एकी, स्वकष्टानं बांधलेली होडी, सरकारच्या उत्पन्नाला बाध आणण्याचा हेतू नाही, सगळं त्यात होतं. तो मी दोनदा वाचला. पावसाळ्याच्या तोंडी उत्तर आलं, चार ओळींचं. विनंती मान्य करता येत नाही. सदरहू होडी उतारूंच्या वाहतुकीस वापरू नये आणि ती पाण्याबाहेर काढून ठेवावी.

होडी काढायला एकही शिपाई आला नाही. कुणी यायची गरज पडली नाही. आम्हीच तिला दोर लावले, आम्हीच ओढली आणि वडाखाली नेऊन ठेवली. मी म्हणालो होतो, राहू द्या पाण्यात, बघू कोण काय करतो. लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं मी त्यांना घर जाळायला सांगितलं. पावसाळा सरला आणि धाकटा मुंबईला गिरणीत कामाला गेला. मक्तेदाराच्या होडीत भाडं देऊन बसला. नाखवा त्याला पोचवायला धक्क्यापर्यंत आला नाही.

पुढची काही वर्षं तशीच गेली, धाकट्यानं मुंबईतच लग्न केलं. दर साल लिलाव, दर साल नवा नाहीतर जुना मक्तेदार, दर साल दादांची एखादी तक्रार. मग वरच्या अंगानं सडक झाली आणि सर्व्हिस मोटार धावू लागली. ज्यांच्याकडे पैसा होता ते लांबच्या वळणानं मोटारीतून जाऊ लागले, मीही पोती तिकडून पाठवू लागलो. खाडीवर उरले कोळणी, शेतकरी आणि पायी बाजारहाट करणारे लोक. त्यांच्या भाड्यात मक्तेदाराचं काय भागणार? एका लिलावाला कुणी बोलीच लावली नाही. बोर्डानं नोटीस लावली, की बोली न आल्यामुळे उतारूंची होडी पुढील हुकूम होईपर्यंत बंद. कारकून पाटी तशीच टाकून गेला. मुंबईत आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं ते याच सुमारास. दादांना केवढा आनंद झाला होता. आता आपलीच माणसं, आता अर्ज वाचले जाणार, असं ते म्हणाले. मला साहेब बदललेला दिसत होता, ओटीवरची दौत मात्र तीच होती.

त्या दिवसांत नाखवा आमच्याकडे आला. खूप थकला होता, डाव्या खांद्यातून हात नीट वर जात नव्हता. ओटीच्या पायरीवर बसला आणि मला म्हणाला, धाकट्याची गिरणी बंद पडलीय, तो घरी बसून आहे. म्हणतो, खाडीवर काम असंल तर येतो, पोराबाळांना घेऊन येतो.

मी उडालोच. मी म्हणालो, नाखवा, मग वाट कसली बघता? आता मक्ता कुणाचा नाही, कारकून नाही, फिर्याद करणारा कुणी नाही. वडाखालची होडी डागडुजी करून देतो, खर्च माझा. उद्या पाण्यात घाला, पहिला मी बसतो. मुलाला आजच निरोप धाडा. मला खरंच इतका आनंद झाला होता की मी उठून उभा राहिलो होतो. नाखव्यानं एके काळी कचेरीच्या व्हरांड्यात शिरस्तेदारांना खाडी देवाची म्हणून सांगितलं होतं. तो खाली मान घालून म्हणाला, "बंद हाय म्हणून लिवलंय ना, शेट. इचारल्याशिवाय कशी चालवू?"

मी रागावलो, समजावलं, हात जोडले. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता, आणि जागचा हलत नव्हता. आतून दादा चष्मा पुसत आले, त्याच्या शेजारी बसले आणि कागद गुडघ्यावर घेतला. होडी चालवण्याची परवानगी मिळावी आणि ती अर्जदार व त्याच्या मुलाच्या नावे द्यावी, असा मजकूर झाला. नाखव्यानं अंगठा उठवला आणि तो काळा अंगठा तसाच वर धरून माझ्याकडे वळला. व्यापाऱ्याची सही असली तर कागदाला वजन येईल, पोरगा लवकर येईल, असं म्हणाला. दादांनी टाक माझ्यापुढे धरला. मी सही केली.